त्याच शर्टांची बटणं

रविवारी दुकान बंद ठेवून मास्तरने कटिंगचं टेबल भिंतीशी सरकवलं, कात्री, टेप, खडू सगळं खणात कोंबलं आणि टेबलावर मधोमध आईचा फोटो ठेवला. फोटोतसुद्धा तिचं लक्ष कॅमेऱ्याकडे नव्हतं. फोटोवाल्याच्या शर्टाचं एक बटण लोंबत होतं आणि तिची नजर तिथेच खिळली होती. फोटो निघेपर्यंत ती कशीबशी दम धरून बसली, आणि तो कॅमेरा पिशवीत घालायच्या आत तिने त्याला पकडून, शर्ट अंगावर असतानाच, बटण पक्कं करून टाकलं. तो बिचारा पोट आत ओढून श्वास रोखून उभा होता.

आई जाऊन महिना होत आला होता. काकांनी टूम काढली की रडारड पुरे झाली, आता एकदा सगळे बसू आणि वहिनीबद्दल ज्याला जे आठवतं ते बोलू. काकांना बोलायची हौस दांडगी आणि ऐकणारे मिळायची मारामार, त्यामुळे टूम कुठून निघाली हे सगळ्यांना बरोबर कळलं होतं. तरी कोणी नाही म्हटलं नाही. आईबद्दल बोलायला नाही कोण म्हणणार?

मास्तर मात्र सकाळपासून दारात ये-जा करत होता. मावसबहीण येणार होती.

मावसबहीण म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीची मुलगी. या दोघी बहिणींची गोष्ट साऱ्या गोतावळ्याला पाठ होती. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरलीने धाकटीला पोटाशी धरलं. लग्न होऊन सासरी आली तीही धाकटीला बरोबर घेऊनच. "आमच्या दादाने लग्न एकीशी केलं आणि घरात आल्या दोघी," असं काका अजून सांगायचे. पुढे नवराही गेला. पदरात तान्हा मास्तर, शाळेत जाणारी बहीण आणि समोर शिलाई मशीन. त्या मशीनवर आईने दोघांना वाढवलं, बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, दुकान थाटलं. आणि ज्या बहिणीसाठी तिने एवढं रक्त आटवलं, ती बहीण दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा आई तिला भेटायला गेली नाही.

का गेली नाही? "काम होतं." हेच उत्तर सगळ्यांना माहीत होतं. शर्टांना बटणं लावायची होती म्हणून सख्ख्या बहिणीचं तोंड पाहायला गेली नाही! मावसबहिणीने त्यानंतर या घराशी बोलणं टाकलं, येणं टाकलं, आईचा फोन आला की कापायला लागली. नातेवाईकही चार डोकी जमली की जपून, आवाज उतरवून म्हणायचे, एवढं केलं खरं बाईने, पण शेवटी काय केलं बघा.

खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. एक मास्तर आणि दुसरी त्याची बायको. तिला गल्लीत सगळे मास्तरीणबाई म्हणायचे, आणि त्यावरून ती अजून चिडायची.

आज मावसबहीण आली की तिला बाजूला घ्यायचं आणि सगळं सांगून मोकळं व्हायचं, असं मास्तरने ठरवलं होतं. ऐन वेळी कच खाऊ नये म्हणून त्याने बायकोलाही सांगून टाकलं होतं.

"आज सांगतोच. आईच्या नावाला बट्टा लागलाय तो माझ्यामुळे. मीच पुसणार."

"सांगा," मास्तरीणबाई म्हणाली आणि कप विसळायला लागली. आजवर त्याने बऱ्याच गोष्टी सांगतोच म्हटल्या होत्या.

झालं होतं ते असं. दुकानात शाळांच्या गणवेशाचं काम चालायचं. शिलाई मास्तरची आणि दोन कारागिरांची, बटणं आईची. बटण लावणं हे हलकं काम आहे असं तिच्यासमोर म्हणायची कोणाची टाप नव्हती. "शर्ट फाटेल, पण बटण हलणार नाही," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची, आणि वर्षानुवर्षं ते खरंही होतं. दुकानाच्या दाराशी तिची खुर्ची. जाणाऱ्या-येणाऱ्याच्या छातीवर तिची नजर. समोरच्या औषधवाल्याला ती एकदा गिऱ्हाइकांच्या रांगेसमोर काउंटरवरून ओढून घेऊन आली होती, कारण त्याच्या बाहीचं बटण तुटलं होतं. रांग तशीच खोळंबली. आधी बटण, मग लोकांचे आजार.

मग तिची नजर अधू झाली. हात थरथरायला लागला. सुई ओवायला ती कोणाला बोलवायची नाही, स्वतःच झुंजत बसायची. एका शाळेच्या बाईंनी शर्टांचं गाठोडं परत पाठवलं. मुलांची बटणं पहिल्याच दिवशी वर्गभर गळून पडली होती. मास्तरने ते गाठोडं आईला दिसू दिलं नाही. मागच्या खोलीत बटणं लावायचं मशीन आणलं आणि खरं काम सगळं तिकडे वळवलं.

"आईंना सरळ सांगा ना," मास्तरीणबाई तेव्हा म्हणाली होती. "शहाण्या आहेत त्या. दोन दिवस रुसतील, मग राहतील स्वस्थ."

"तिला काम नाही म्हटलं तर ती खचेल," मास्तर म्हणाला.

त्याने एक वेगळीच युक्ती काढली. दुकानात एका रद्द झालेल्या ऑर्डरचे पांढरे शर्ट पडून होते. ते त्याने आईसमोर आणून ठेवले. "आई, हे तुझ्याशिवाय कोणाला जमायचं नाही." आई खुलली. दिवसभर बसून तिने बटणं लावली. संध्याकाळी ती जिना चढून वर घरात गेली की नवरा-बायको खाली बसून ती सगळी बटणं उसवायचे, डब्यात टाकायचे, शर्टांना इस्त्री मारायचे आणि सकाळी तेच गाठोडं पुन्हा तिच्यापुढे. नवी ऑर्डर आली, आई. केवढी कामं येतायत बघ!

सुरुवातीला मास्तरला स्वतःचं भारी कौतुक वाटायचं. असा मुलगा कोणाला मिळतो? शेजारीपाजारी म्हणायचे, या वयातही आईच्या हाताला केवढं काम, आणि तो नुसता हसायचा. मास्तरीणबाईला ते कधीच पटलं नाही, पण तीही रोज ब्लेड घेऊन उसवायला बसायची. एकदा तिने एक शर्ट त्याच्यासमोर धरला. पुन्हा पुन्हा सुई जाऊन बटणाच्या जागी कापडाची पार चाळण झाली होती.

"हात लावला की कळतं," ती म्हणाली.

"तिला दिसतंय कुठे?"

"मी हाताचं बोलत्येय."

मास्तरने त्या जागी आतून कापडाचे तुकडे चिकटवले आणि विषय संपवला.

आणि मग मावशीच्या आजारपणाचा फोन आला. शाळा उघडायच्या तोंडावरचे दिवस होते. कारागीर मान वर करत नव्हते, रोज कोणी ना कोणी गणवेशासाठी दारात येऊन आरडाओरडा करत होतं. आईने दुपारी त्याला जवळ बोलावलं.

"धाकटीला एकदा बघून यावं म्हणते. नेशील का रे?"

तो नेऊ शकला असता. एका दिवसात जाऊन यायचा तर रस्ता. स्वतःला जमत नव्हतं तर गाडी करून बायकोबरोबर पाठवता आलं असतं. कामाची गर्दी होती हे खरं, पण त्याहून खरं हे की त्याला नको झालं होतं. तिला गाडीत चढवा, उतरवा, वाटेत बाथरूम शोधा, तिथे दवाखान्यात मावशी आणि ती गळ्यात पडून रडणार ते बघत उभे राहा. नुसत्या विचारानेच त्याला शीण आला. नाही म्हणायची मात्र लाज वाटली. म्हणून त्याने समोरच्या गाठोड्याकडे बोट दाखवलं.

"आई, एवढी अर्जंट ऑर्डर आहे. तू गेलीस तर हे कोण करणार? एवढं उरक, मग जाऊ."

आईने गाठोड्यावर हात ठेवला. वरचा शर्ट ओढून मांडीवर घेतला, बटणांच्या पट्टीवरून बोटं फिरवली.

"बरं," ती म्हणाली आणि सुई उचलली.

संध्याकाळी मास्तर आणि मास्तरीणबाई उसवायला बसले. ती त्याच्याकडे पाठ करून बसली. "उद्या नेतो," तो आपणहूनच म्हणाला. दुसऱ्या दिवशी "परवा" म्हणाला. शर्ट रोज तेच, आणि ऑर्डर काही केल्या उरकत नव्हती. आईने पुन्हा विचारलं नाही. मग मावशी गेल्याचा फोन आला. आई त्या दिवशीही खुर्चीतच होती. तिने हातातला टाका पुरा केला, दोरा तोडला, आणि मग रडली.

रविवारी माणसं जमली. शेजारी आले, कारागीर आले, नातेवाईक आले. मावसबहिणीची गाडी कुठेतरी अडकली होती, त्यामुळे तिला बाजूला घेऊन बोलायचा मास्तरचा बेत सुरुवातीलाच फसला. काकांनी खाकरून सभा ताब्यात घेतली. औषधवाल्याने बाहीच्या बटणाची हकीकत सांगितली आणि सगळे पोट धरून हसले. "आमची वहिनी ढगात गेली खरी," काका म्हणाले, "पण तिथेही कोणाला तरी उभं करून बटण शिवत असेल." मग एक कारागीर म्हणाला, आई शेवटपर्यंत कामाच्या होत्या, शेवटच्या आठवड्यातही त्यांच्या हातात शर्ट होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तर जमिनीकडे बघत बसला होता. कौतुक आईचं चाललं होतं आणि घाम त्याला फुटत होता.

तेवढ्यात मावसबहीण आली. केस पिकले होते, चेहरा मावशीसारखा होत चालला होता. ती फोटोसमोर उभी राहिली, हात जोडले नाहीत, नुसतं बघत राहिली. मास्तर उठून पुढे झाला. "जरा आत येतेस? मला बोलायचंय तुझ्याशी."

"अरे, आधी बसू दे तिला, पाणी दे!" काका म्हणाले. "आणि आलीच आहेस पोरी तर तूही बोल दोन शब्द. मनात काही ठेवू नकोस."

मावसबहीण खुर्चीवर टेकली. मास्तरीणबाईने दिलेलं पाणी प्यायली.

"मनातलंच बोलू?" तिने विचारलं. "मग ऐका. मी मावशीवर रागावलेय. अजून आहे राग. माझ्या आईने दाराकडे डोळे लावून जीव सोडला. मावशीने फोन केला होता, तेव्हा मीच तो आईच्या कानाशी धरला होता. शब्द न् शब्द ऐकलाय मी."

आईने फोन केल्याचं मास्तरला माहीत नव्हतं. ती कधी बोलली नव्हती.

"मावशी म्हणाली, अगं, पोरगा गाडी ठरवून बसलाय. रोज मागे लागतो, आई चल, मावशीला भेटून येऊ. मीच त्याला नाही म्हणते. हातातलं काम टाकून कशी निघू? तुला माझा स्वभाव माहीत आहे. त्याला बोल लावू नकोस हं, त्याचा काही दोष नाही." मावसबहिणीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. म्हणाली, तिला काम मोठं. त्यानंतर मावशीचं नाव काढलं नाही तिने."

मास्तरला आपण बसलोय की उभे आहोत हे कळेनासं झालं. पोरगा गाडी ठरवून बसलाय. कुठली गाडी? त्याने तर एकदासुद्धा चल म्हटलं नव्हतं. आणि मग एकेक गोष्ट त्याच्या डोक्यात उजाडत गेली. ज्या बाईला डोळे मिटून कापडाची जात सांगता यायची, तिच्या बोटांना ती चाळण कळली नसेल? चिकटवलेले तुकडे कळले नसतील? तिला पहिल्यापासून माहीत होतं. शर्ट तेच आहेत, ऑर्डर खोटी आहे, मुलगा खोटं बोलतोय. आणि मुलाला न्यायचं नाहीये, हेही त्या दुपारी "बरं" म्हणताना तिला कळलं होतं. तरी ती रोज खाली येऊन त्याच शर्टांना बटणं लावत राहिली, कारण ती लावली नाहीत तर मुलगा उघडा पडला असता. बहिणीपुढेही तिने त्याला उघडं पडू दिलं नाही. सगळा दोष स्वतःच्या अंगावर ओढून घेतला, मरणाऱ्या बहिणीचा रागसुद्धा. आणि तो इतकी वर्षं समजत होता की आपण आईला सांभाळतोय.

"म्हणून दादावर माझा राग नाही," मावसबहीण म्हणत होती. "त्याने जीव तोडून सांगितलं होतं. तिनेच ऐकलं नाही. आईचा जीव जाताना एवढंच समाधान, की या घरात एकाला तरी तिची किंमत होती. मी बोलणं टाकलं ते मावशीशी. तुझ्यावरही उगाच अन्याय झाला त्यात, दादा. माफ कर मला."

काकांनी मास्तरच्या पाठीवर थाप मारली. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि किती मायेने बघत होते. मावसबहिणीचे डोळे भरले होते.

"तू किती मागे लागला होतास तिच्या," ती म्हणाली. "खरं ना रे दादा?"

मी तिला कधी चल म्हटलंच नाही. एवढंच म्हणायचं होतं. सकाळपासून तो तेच वाक्य मनात घोळवत होता, आणि आता तर ते म्हणायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. दारापाशी चहाचा ट्रे घेऊन मास्तरीणबाई उभी होती. तीही त्याच्याकडे बघत होती. ती वाट बघत होती हे त्याला दिसत होतं.

"हो," मास्तर म्हणाला. एक शब्द निघाल्यावर बाकीचे अडले नाहीत. "खूप म्हटलं गं. हातापाया पडलो तिच्या. पण आई कोणाचं ऐकते होय?"

दोघं-चौघं हसले, समजूतदारपणे. काका म्हणाले, "हट्टी होती हो वहिनी. देवमाणूस, पण हट्टी." मावसबहिणीने डोळे पुसले आणि मास्तरचा हात हातात घेतला. मास्तरीणबाईने ट्रे तसाच टेबलावर ठेवला आणि ती मागच्या खोलीत निघून गेली. चहा मग काकांनीच वाटला.

माणसं पांगेपर्यंत दिवस कलला. मावसबहीण जाताना मास्तरला म्हणाली, आता येत जाईन, तूही ये, आपण दोघंच तर उरलो. त्याने तिला गाडीपर्यंत पोचवलं, हात हलवला. परत आला तेव्हा बायको मागच्या खोलीत बटणांच्या मशीनशेजारी स्टुलावर बसली होती. ती काही करत नव्हती. तिला असं रिकामं बसलेलं त्याने क्वचितच पाहिलं होतं.

"बोलणारच होतो मी," मास्तर म्हणाला. "पण आईनेच तसं सांगून ठेवलं होतं ना. मरणाऱ्या बहिणीला तिने जे सांगितलं, ते मी खोटं कसं पाडू? तिच्याच इच्छेविरुद्ध झालं असतं ते."

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"आणि सांगून आता काय होणार होतं? मावशी नाही, आई नाही. मावशीच्या पोरीला बिचारीला तरी कोणीतरी आपलं वाटलं. गोड शेवट झाला की नाही?"

"सगळे नातेवाईक आता काय म्हणत जातील, माहितीये ना?" मास्तरीणबाईने विचारलं. "मुलगा हातापाया पडत होता आणि ही बाई बटणं लावत बसली. आधी नुसती कुजबुज होती. आज तुम्ही साक्ष दिलीत."

मास्तर समोरच्या खुर्चीत बसला. ती सकाळी दारातून आत आणून ठेवलेली आईची खुर्ची आहे, हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"तेव्हा बहिणीकडे जायचं होतं त्यांना, तुम्ही सोडलं नाहीत," ती म्हणाली. "आज तरी त्यांना सोडायचं होतंत."